एका गढूळ नदीला श्रद्धांजली

१३ मार्च १९६३ रोजी अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना राज्यात ग्लेन कॅन्यन धरणात पाणी अडवायला सुरुवात झाली आणि धरणाखालच्या कोलोरॅडो नदीतून गाळ वाहायचा जवळजवळ थांबला. पाणी वाहतच राहिलं, आजही वाहतं. ग्रँड कॅन्यनच्या कड्यावरून फोटो काढणाऱ्या पर्यटकांना (सुट्टीत मुलाकडे गेलेले आपले पुण्या-मुंबईचे आईवडीलही त्यांत आले) मैलभर खोल दिसणारी ती हिरवट रेघ म्हणजे कोलोरॅडोच वाटते. नाव तेच, पात्र तेच. पण ज्या नदीने ही दरी कोरली आणि तिच्या तळाशी वाळूचे काठ रचले, ती तांबडी, गढूळ, दर उन्हाळ्यात फुगणारी नदी त्या मार्चमध्ये गेली. हा लेख तिच्यासाठी.

रॉकी पर्वतातलं बर्फ वितळलं की मे-जूनमध्ये तिला पूर यायचा. साधारण वर्षी हा पूर ८५ हजार क्युसेकच्या आसपास जायचा आणि १८८४ किंवा १९२१ सारख्या वर्षी त्याच्या दुपटीलाही पोचायचा. हिवाळ्यात ती अगदी रोडावायची. तिचं पाणी थंडीत गोठणबिंदूजवळ आणि उन्हाळ्यात २५ अंशांच्या पुढे असे. धरणापूर्वीच्या दशकभरात लीज फेरी इथल्या मापनकेंद्रावरून ती वर्षाला सरासरी पाच कोटी टनांहून अधिक गाळ वाहून नेत होती. हे पाणी प्यायला फार दाट आणि नांगरायला फार पातळ, असं तिकडचे जुने वसाहतकरी चेष्टेने म्हणत. जॉन वेस्ली पॉवेल हा यादवी युद्धात एक हात गमावलेला माणूस १८६९ च्या मे महिन्यात चार होड्या आणि नऊ साथीदार घेऊन निघाला आणि ग्रँड कॅन्यन पार करून बाहेर पडला, तो याच नदीवरून. ग्लेन कॅन्यन हे नाव त्याच्याच मोहिमेने दिलं. पुढे ग्लेन कॅन्यन बुडवणाऱ्या जलाशयाला त्याचंच नाव मिळालं.

तिचं खरं कसब बघायचं तर एखाद्या खळाळाखाली थांबायला हवं. बाजूच्या घळीतून कधीतरी दगडधोंड्यांचा लोंढा येतो आणि मुख्य पात्रात ढीग घालतो. पात्र तिथे अरुंद होतं, पाणी उसळून पुढे जातं. ढिगाच्या आडोशाला, काठालगत, तेच पाणी मागे वळून संथ गोल फिरू लागतं. मधल्या धारेत तरंगत आलेली वाळू या भोवऱ्यात शिरली की वेग मंदावतो आणि ती खाली बसते. पूर जितका उंच, तितकी ती काठावर उंच बसते. पूर ओसरला की उरते ती पांढरट, मऊ, ताजी पुळण. पुढच्या वर्षीचा पूर तिचा काही भाग नेतो आणि वर नवा थर देतो, उगवू पाहणारी झुडपंही उखडून टाकतो. शेकडो मैलांच्या त्या दरीत माणसाला पाठ टेकायला जागा असे, ती बहुतेक अशा पुळणींवरच.

या वाळूवर पुष्कळांचा संसार होता. पुळणीमागच्या उथळ, कोमट पाण्यात माशांची पिल्लं वाढायची. गढूळपणा हा त्यांचा आडोसा होता. पाठीवर कुबड असलेला चब मासा याच नदीत घडला. सहा फुटांपर्यंत वाढणारा कोलोरॅडो पाइकमिनो ग्रँड कॅन्यनमध्ये आता उरलेला नाही. कोरडी वाळू वाऱ्याने उडून वरच्या टप्प्यांवर जायची आणि तिथल्या प्राचीन वस्त्यांचे अवशेष झाकून ठेवायची. होपी, झुनी, नवाहो, हवासुपाई, हुआलापाई यांच्यासाठी ही दरी म्हणजे पूर्वजांची भूमी आहे. वाळू आटली तसं त्या अवशेषांवरचं पांघरूण विरळ झालं आणि पावसाच्या ओघळींनी ते उघडे पडू लागले.

गेलेल्याचे फक्त गुण सांगायचे, ही आपली रीत. पण या नदीच्या बाबतीत ती पाळली तर धरण का झालं तेच कळणार नाही. १९०५ साली तिने कालव्याचं तोंड फोडलं आणि जवळजवळ दोन वर्षं ती कॅलिफोर्नियातल्या एका खोलगट खोऱ्यात वाहत राहिली. आजचा सॉल्टन समुद्र त्यातूनच झाला. खाली शेती होती, वाढती शहरं होती. वरच्या राज्यांना आपल्या वाट्याचं पाणी साठवायचं होतं. १५ ऑक्टोबर १९५६ रोजी राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांनी व्हाइट हाउसमधून कळ दाबली आणि ग्लेन कॅन्यनमध्ये पहिला सुरुंग उडाला. इको पार्क इथे होऊ घातलेलं दुसरं धरण रद्द करून घेताना पर्यावरणवाद्यांनी ग्लेन कॅन्यन वाचवण्याचा आग्रह सोडला होता. सिएरा क्लबचे डेव्हिड ब्रॉवर यांना त्याची खंत पुढे आयुष्यभर राहिली. २१६ मीटर उंचीचं हे धरण वीज देतं, दुष्काळात पाणी पुरवतं. त्याचा उपयोग नाकारण्यात अर्थ नाही.

त्याची किंमत मात्र खाली दरीत मोजली गेली. जलाशयाच्या खोलातून टर्बाइनमार्गे आलेलं पाणी कित्येक दशकं बाराही महिने ८ ते १० अंशांच्या आसपास राहिलं. ते नितळ होतं आणि गाळ नसलेलं पाणी काठ खातं. त्यात विजेचं गणित आलं. दुपारी शहरांना वीज जास्त लागली की पाणी वाढवायचं, रात्री कमी करायचं. १९९१ पूर्वी काही ठिकाणी नदीची पातळी एका दिवसात दहा फुटांहून अधिक वरखाली होत असे. पाणी चढलं की पुळण आतपर्यंत भिजायची. ते झपाट्याने उतरलं की आत अडकलेलं पाणी वाळूतून पाझरत बाहेर यायचं आणि काठाचे तुकडेच्या तुकडे ढासळायचे. उरल्यासुरल्या वाळूवर पुराचा धाक नसल्याने टॅमरिस्कची झुडपं माजली. रात्रीच्या मुक्कामाच्या जागा आक्रसत चालल्याचं होडीवाल्या वाटाड्यांनीही पाहिलं.

मग एक अजब उपाय निघाला. जो पूर अडवण्यासाठी धरण बांधलं, तोच धरणातून सोडायचा. १९९२ साली अमेरिकी काँग्रेसने ग्रँड कॅन्यनच्या संरक्षणाचा कायदा केला आणि २६ मार्च १९९६ रोजी अंतर्गत व्यवहार मंत्री ब्रूस बॅबिट यांच्या हस्ते धरणाच्या बाजूचे नळ उघडले गेले. टर्बाइन आणि चार नळ मिळून ४५ हजार क्युसेक विसर्ग सात दिवस चालला. नळांतून जाणारं पाणी वीज देत नाही, म्हणजे ती कमाई सोडूनच हा प्रयोग झाला. पूर ओसरला तेव्हा जागोजागी काठ उंच झाले होते, ताजी वाळू चढली होती. वर्तमानपत्रांनी कौतुक केलं. पण बरीचशी नवी वाळू काही महिन्यांतच वाहून गेली. पुढच्या मोजमापात असंही दिसलं की पुराने उंच चढवलेली वाळू नदीच्या तळातून फारशी आली नव्हती. जुन्याच पुळणींचा पाण्याखालचा भाग खरवडून ती वर आली होती. घरातलंच किडूकमिडूक मोडून सण साजरा करावा, तसं झालं.

त्यातून शहाणपण आलं. धरणाखाली सुमारे २५ किलोमीटरवर पारिया नावाची छोटी नदी मिळते, आणखी खाली लिटल कोलोरॅडो. वादळी पावसात या दोघी वाळू आणतात. ती वाळू पुढे निघून जाण्याआधी पूर सोडायचा, असं ठरलं. नोव्हेंबर २००४ मध्ये तसा प्रयत्न झाला, २००८ मध्ये पुन्हा. २०१२ पासून तर नियमच झाला की पारियाने पुरेशी वाळू आणली की धरणाने पूर द्यायचा. २०१२, १३, १४, १६ आणि १८ च्या शरदात असे पूर आले. एप्रिल २०२३ मध्ये बहात्तर तासांचा एक आला. त्यानंतर नळांच्या आतल्या अस्तराची झीज आढळली आणि दुरुस्ती हाती घ्यावी लागली. दर पुरानंतर पुळणी वाढल्या, पुढच्या महिन्यांत झिजल्या, पुन्हा पुराची वाट बघत राहिल्या.

हे पूर आखणाऱ्या आणि मोजणाऱ्या शास्त्रज्ञांचं काम मोलाचं आहे. पूर विध्वंसक असतो तसा तो बांधणाराही असतो, हे त्यांनी नुसतं म्हटलं नाही, फूटपट्टी लावून दाखवलं. तरी हिशोब जुळत नाही. पारिया देते ती वाळू धरणापूर्वीच्या वाळूच्या जेमतेम सहा टक्के. बाकीची लेक पॉवेलच्या तळाशी आहे आणि कितीही नळ उघडले तरी ती खाली येत नाही. गेलेल्या नदीचं पाणी परत देता आलं, पूर परत देता आला, त्याची वेळही साधता आली. गाळ तेवढा देता आला नाही आणि ती नदी तर गाळाचीच होती.

आपल्याकडे पावसाळ्यात रोज सकाळी विसर्गाचे क्युसेक आणि साठ्याचे टीएमसी वाचायला मिळतात. गाळाची आठवण होते ती धरणाची साठवण घटली म्हणून. २०१७ साली महाराष्ट्राने ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना आणली. धरण मोकळं होतं, शेत सुपीक होतं, दोन्ही चांगलं. पण त्या गाळाचा आणखी एक वारस असतो, तो म्हणजे धरणाखालची नदी, आणि वाटणीत तिचं नाव कुठेच नसतं. कोलोरॅडोला श्रद्धांजली वाहायची असेल तर ते नाव यादीत घालावं. पूर्ण हिस्सा देणं जमणार नाही, हे ग्रँड कॅन्यनने दाखवलंच आहे. पण हिस्सा मागायला कुणी उभंच नसेल, तर पारियाच्या त्या सहा टक्क्यांसाठी तिकडच्यांनी जेवढी धडपड केली, तेवढीही आपल्या नद्यांच्या वाट्याला येणार नाही.