चतुर्थीचा स्वयंपाक आणि आदला दिवस

‘सुरतनुं जमण अने काशीनुं मरण’ ही म्हण गुजरातेत लहानथोर सर्वांच्या तोंडी आहे. जेवावे तर सुरतेस आणि देह ठेवावा तर काशीस, असा तिचा भावार्थ. हे जेवण शिजवतो कोण, याविषयी मात्र ती म्हण मौन पाळते. सुरतेत वकिली करणाऱ्या आम्हां गोमंतकीयांस हा प्रश्न दर भाद्रपदात पडतो. कारण चतुर्थी घरी येते तेव्हा घरातील कमावती माणसे बाहेर कामावर असतात.

1963 च्या मुदत कायद्यात चौथे कलम मोठे दयाळू आहे. मुदतीचा शेवटचा दिवस न्यायालयाच्या सुट्टीत आला, तर न्यायालय उघडेल त्या दिवशी अर्ज देता येतो. श्रीगणेशास हे कलम लागू नाही. माध्यान्ही नैवेद्य म्हणजे माध्यान्हीच. त्यातून आदला दिवस हरितालिकेचा, म्हणजे आपल्या बोलीतील ‘तयेचा’. आमच्या सौभाग्यवती एका बँकेत अधिकारी आहेत. त्या दिवशी त्यांनी निर्जळी उपवास करावा, सायंकाळपर्यंत बँकेचे हिशेब पाहावेत, आणि घरी येऊन सोळा पानांच्या स्वयंपाकास लागावे, असा वर्षानुवर्षांचा क्रम होता. मातुःश्रींचे वय आता 76. गुडघे साथ देत नाहीत, तरी पहाटे तीन वाजता चुलीपाशी उभे राहणे त्यांनी सोडले नव्हते.

दोन वर्षांपूर्वी मुंबईच्या बंधूंनी सुचवले, की गणपती आता त्यांच्याकडे न्यावा. सूचना प्रेमाची होती, पण घरात दोन दिवस कोणी मोकळेपणाने बोलले नाही. दुसरी सूचना आचाऱ्याकडून पाने मागवण्याची आली. शेवटी सौभाग्यवतींनी तिसरा मार्ग मांडला: जे आधी करता येईल ते आधी करून ठेवावे. यावर मातुःश्रींनी एका वाक्यात निकाल दिला, “देवाक शिळें दाखोवंक फावना.”

वकिलाच्या घरात निकाल लागला की अपील होतेच. मातुःश्रींची बाजू भक्कम होती. गीतेच्या सतराव्या अध्यायात प्रहर उलटलेले आणि पर्युषित, म्हणजे रात्र उलटलेले, अन्न तामसांना प्रिय म्हटले आहे. परंतु नियम आला की अपवादही शोधावा, हे आमच्या धंद्याचे शिक्षण. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात तो सापडतो. तुपातेलाने युक्त असे निर्दोष अन्न शिळे झाले तरी चालते. गव्हाचे, यवाचे आणि दुधापासून झालेले पदार्थ तर स्निग्धतेवाचूनही चालतात. सुरतेची घारी घ्या. गव्हाच्या पुरीत मावा भरून तुपात तळायची आणि वर पुन्हा थिजलेल्या तुपाचा थर द्यायचा. ती या अपवादात तीन वेळा बसते!

मातुःश्री ग्रंथांनी हलल्या नाहीत. त्यांना पटले ते शेजारच्या गुजराती घराकडे पाहून. आमची नि गुजरातेची महिने मोजण्याची रीत एकच, त्यामुळे श्रावण वद्य षष्ठी दोघांचीही एकाच दिवशी येते. गुजराती घरांत ती ‘रांधण छठ’. त्या दिवशी पुऱ्या, थेपले, वडे असे सर्व रांधून ठेवतात. रात्री चूल स्वच्छ करून, थंड करून तिची पूजा करतात. दुसरे दिवशी ‘शीतळा सातम’. त्या दिवशी घरात विस्तव पेटत नाही. सारे जण आदल्या दिवशीचे थंड अन्न जेवतात. शीतळा ही देवीच्या रोगाची देवता. तो रोग जगातून नाहीसा झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने 1980 साली जाहीर केले. पण चुलीची ती विश्रांती टिकून राहिली. शेजारच्या बा त्या दिवशी दुपारी आमच्याकडे येऊन निवांत बसल्या, तेव्हा मातुःश्री बराच वेळ त्यांच्याकडे पाहत होत्या. नंतर त्या एवढेच म्हणाल्या, “तुपांत तळिल्लें शिळें न्हय.” आमचे अपील अंशतः मंजूर झाले.

सातमेपासून चतुर्थीपर्यंत बाराएक दिवस मिळतात. सौभाग्यवतींनी एक कागद घेतला आणि चतुर्थीची सारी कामे लिहून काढली. ती 41 भरली. इतकी वर्षे ही यादी केवळ त्या दोघींच्या डोक्यात होती. माटोळी बांधणे आणि मखर उभारणे ही पुरुषांची कामे सर्वांना दिसत. मूग कोणत्या दिवशी भिजवायचे याची आठवण ठेवणे कोणाला दिसत नसे. तो कागद आम्ही दाव्याच्या कागदाप्रमाणे तीनदा वाचला.

मग कामांचे तीन भाग पडले. पहिला, जे टिकते ते. नेवऱ्यांचे सारण ओल्या नारळाचे केले तर दोन दिवसांत आंबते. सुके खोबरे, तीळ, भाजलेल्या डाळीचे पीठ आणि साखर यांचे केले तर दहा दिवस राहते. म्हणून नेवऱ्या आधीच्या रविवारी झाल्या. लाटणे चिरंजीवांकडे, तळणे आमच्याकडे. तिरफळे भगिनी गोव्याहून घेऊन आल्या. कोकण रेल्वे झाल्यापासून थेट गाडीने सुरतेस येता येते. पातोळ्यांसाठी हळदीची पाने तर त्याहून आधीची तयारी: अक्षय तृतीयेच्या सुमारास कुंडीत हळद लावली, की भाद्रपदात पाने हातभर होतात.

दुसरा भाग, ज्याला वेळ लागतोच ते. मुगागाठीचे मूग द्वितीयेच्या सकाळी भिजत घालावे, रात्री फडक्यात बांधावे. मोड आपले आपण येतात. त्यांची साले काढणे हे काम जिकिरीचे, ते तयेच्या रात्री मुलांनी गप्पा मारीत केले. नारळ आम्ही न्यायालयातून परतल्यावर खवले आणि फ्रीजमध्ये ठेवले. खतखत्याच्या भाज्या बंधूंनी चिरल्या. सौभाग्यवती त्या रात्री, उपवास असल्याने, नऊ वाजता निजल्या.

तिसरा भाग चतुर्थीच्याच सकाळचा. त्यास मातुःश्रींनी कोणाला हात लावू दिला नाही. भात, खतखते, मुगागाठी आणि पातोळी. हळदीच्या पानावर तांदळाचे वाटण पसरून, आत चून भरून, पान दुमडून वाफ द्यायची. तो सुगंध आदल्या दिवशी करून ठेवता येत नाही. देवापुढच्या ताटासाठी पाच नेवऱ्याही त्यांनी सोवळ्यात ताज्या तळल्या. डब्यातल्या नेवऱ्या माणसांसाठी. या तडजोडीत कोणी हरले नाही.

आम्हांस यातून एक गोष्ट ध्यानी आली. एका दिवसाचा स्वयंपाक एकाच माणसावर पडतो, कारण त्या घाईत दुसऱ्याला शिकवायला सवड नसते. तोच बारा दिवसांवर पसरला, की त्यात वकील, विद्यार्थी, पाहुणा, सर्वांना जागा होते.

त्या दिवशी एक वाजता पहिली पंगत बसली. वाढायला आम्ही, बंधू आणि चिरंजीव होतो. मातुःश्री आणि सौभाग्यवती पहिल्या पंगतीत शेजारी शेजारी बसल्या होत्या, आणि त्यांच्या पानांवरील पातोळीतून अजून वाफ निघत होती.