वरवंडची व्हीटेक

परवा सोलापूरला जाताना चहासाठी वरवंडला थांबलो. उसाच्या ट्रॉलीशेजारी जुनी होंडा सिटी उभी, मागे ‘व्हीटेक’. अगदी माझ्यासारखीच! तुम्ही हसाल, पण १.५ लिटरच्या इंजिनात १०६ हॉर्सपॉवर होती हो. २००३ साली नवी सिटी आली ती ७७ ची. म्हणून आमच्यासारखे येडे अजून जुनीच धरून बसलेत.

मालक निघाले टोपीवाले काका. बॉनेट उघडून चहा गार होईपर्यंत गप्पा.

"माझी विकायचं चाललंय," मी सहज बोलून गेलो.

"मग मला द्या की! पार्ट मिळंनात. तुमच्या गाडीचे निघतील."

बोलणं रास्त होतं. मी नंबर दिला.

पाटसच्या टोलपर्यंत रेडिओसुद्धा लावला नाही. घरी आल्यावर आधी विक्रीची जाहिरात काढून टाकली.

काकांचा फोन येतो अधूनमधून. उचलायचा धीर होत नाही.