परसातील वाळा

वाळा म्हटले की आमच्या डोळ्यांपुढे प्रथम उभा राहतो तो इंदूरच्या घरातील माठ. चैत्र लागला की आई परसात जाई, मोरीच्या पाण्यावर पोसलेला वाळ्याचा एक ठोंब खणून काढी, मुळे स्वच्छ धुऊन सावलीत वाळवी आणि त्यांची लहानशी जुडी फडक्यात बांधून माठात सोडी. दारी येणारा दूधवाला त्याला ‘खस’ म्हणे, आम्ही ‘वाळा’ म्हणत असू. तीन पिढ्या माळव्यात नांदलेल्या मराठी घरात एकाच गवताला दोन नावे असावीत, यात नवल ते काय? पुढे त्याचे तिसरेही नाव आम्हांस कळले. संस्कृतात वाळ्याला ‘उशीर’ म्हणतात. शाकुंतलातील शकुंतलेच्या तप्त अंगाला लावतात तो लेप या उशीराचाच. मराठीतील ‘उशीर’ या शब्दाशी त्याचे नाते जोडू नये, असे आम्ही विद्यार्थ्यांना वारंवार बजावीत आलो आहो.

वाळा हे एकदा लावले की वर्षानुवर्षे टिकणारे गवत. पात्यांना सुवास नाही. जे वैभव आहे ते सारे जमिनीखाली. मुळे आडवी न पसरता सरळ खोल जातात. जमीन चांगली असेल तर तीन-चार मीटरपर्यंतही. त्यामुळे शेजारच्या पिकाला त्यांचा उपद्रव होत नाही आणि माती मात्र घट्ट धरली जाते. कर्नाटकातील गुंडलुपेठकडचे शेतकरी पूर्वापार शेताच्या हद्दीवर वाळा लावीत आले. 1980 नंतरच्या दशकात जागतिक बँकेच्या जॉन ग्रीनफील्ड व रिचर्ड ग्रिमशॉ या तज्ज्ञांनी मृदसंधारणासाठी याच गवताचा आपल्या देशात पुरस्कार केला.

हे सारे आम्ही वाचले होते, आणि आमच्या शाळेमागचा नाला दर पावसाळ्यात मैदानाची काठाकाठाने माती नेत होता. 2016 च्या आषाढात आम्ही परसातील चार ठोंब फोडले. पाती वीतभर ठेवून छाटली, फुटवे वेगळे केले आणि मुलांच्या मदतीने ते उताराला आडवे, चार-चार बोटांच्या अंतराने, एका ओळीत लावले. दोन पावसाळ्यांत त्या ओळीची भिंत झाली. पाणी तिच्याशी येऊन थबके, गाळ मागे टाकी आणि पात्यांतून पाझरून संथपणे नाल्यात उतरे.

2018 च्या उन्हाळ्यात आई अंथरुणाला खिळली. एके दुपारी म्हणाली, “अरे, माठाच्या पाण्याला यंदा वाळ्याचा वास नाही.” परसातील उरलेले फुटवे अजून कोवळे होते. बाजारात वाळा मिळत होता. पण आईला घरचाच द्यावा, या हट्टाने आम्ही शाळेच्या ओळीतील दोन ठोंब खणून आणले. शेकडो फुटव्यांत दोनांनी काय बिघडणार, असे मनाशी म्हटले. आई ते पाणी पिऊन तृप्त झाली.

आषाढात पहिला मोठा पाऊस झाला. पाण्याने नेमकी तीच दोन ठोंबांची फट शोधली. इतरत्र पसरून वाहणारा लोंढा तेथे एकवटला, आणि सकाळी पाहतो तो काठ हातभर खचलेला. सातवीच्या मुलांनी लावलेला कडुनिंब नाल्यात आडवा पडलेला. “सर, इथली झाडे कोणी काढली?” एका मुलाने विचारले. त्या क्षणी आम्हांस उत्तर देववले नाही. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर आम्ही सर्वांसमोर सांगितले, “ती आम्ही काढली, आणि न विचारता काढली.” मुले गप्प राहिली. घरी आईला सांगितले तेव्हा ती एवढेच म्हणाली, “माझ्या माठासाठी पोरांचा बांध कशाला मोडलास रे?”

मुलांनीच दगड-मातीने ती फट भरली व नवे फुटवे लावले. मुळांसाठी आम्ही वेगळी सोय केली. वाळू व शेणखत मिसळलेली माती उंच पोत्यांत भरून त्यांत वाळा लावला. पोते फाडले की मुळे अखंड हाती येतात आणि जमिनीला धक्का लागत नाही. मात्र मुळांत सुगंध भरण्यास पंधरा ते अठरा महिने लागतात. तेवढा धीर धरण्यावाचून इलाज नसतो.

आई 2019 च्या चैत्रात गेली. पोती फाडली ती त्याच वर्षाच्या मार्गशीर्षात. मुळे धुताना सारे अंगण दरवळले, आणि विद्यार्थ्यांना ‘जोडू नये’ म्हणून बजावलेले नाते आमच्या मनात नकळत जुळून गेले.

आजही चैत्रात माठात जुडी पडते, ती पोत्यांतल्या वाळ्याची. शाळेच्या ओळीला आम्ही वर्षातून एकदा केवळ वरून कातरी लावतो. जे माती धरून उभे आहे, त्याच्या मुळाशी हात घालू नये, एवढे ते गवत आम्हांस शिकवून गेले.