नऊ सत्ते त्रेसष्ट

ऑनसाइटला तोक्योला निघालो तेव्हा आईने दोन किलो भाजणी बांधून दिली आणि मॅनेजरने दोन डेडलाइनी. दर बुधवारी सकाळी दुसरीच्या वर्गात जाऊन बसावं लागेल, हे मात्र दोघांपैकी कुणीच सांगितलं नव्हतं.

झालं असं, की मी राहायचो निशी-कासाईला. एदोगावा वॉर्डातला हा भाग म्हणजे आयटीवाल्या भारतीयांची वसाहतच. 2000 च्या आसपास 'वायटूके'च्या कामासाठी लोक आले आणि राहिले. 2019 मध्ये तर आपले योगेंद्र पुराणिक इथल्या वॉर्ड कौन्सिलवर निवडून आले. तर 2023 च्या सप्टेंबरमध्ये माझ्याच बिल्डिंगमधल्या एका मराठी कुटुंबाने विचारलं, मुलाला जपानी येत नाही, शाळेत कुणी दुभाषी मिळेल का? माझी एन-थ्री झालेली, ऑफिस अकरानंतरचं. म्हटलं, जाऊन बसायला काय जातंय?

पहिला धक्का दारातच. बूट काढा, शाळेतले पाहुण्यांचे स्लिपर घाला. माझी टाच अर्धी बाहेर! जिना चढताना दोनदा स्लिपर निसटली, आणि मागून येणाऱ्या पिवळ्या टोपीवाल्या चिमुरडीने ती उचलून, दोन्ही हातांनी, वाकून परत दिली. दोन्ही वेळा.

दुसरा धक्का जेवणाचा. पांढरे एप्रन आणि टोप्या घालून सात-आठ वर्षांची पोरं गाडीवरून सूपचं पातेलं आणतात आणि सगळ्या वर्गाला वाढतात. सांडलं तर पुसतात. कोणी ओरडत नाही. मुलांच्या आधी मुख्याध्यापक ते जेवण खाऊन बघतात, हे कळल्यावर तर मला आमच्या हॉस्टेलचे रेक्टर आठवले. (ते घरून डबा आणायचे.) जेवण झालं की साफसफाई. ओलं फडकं जमिनीवर दाबायचं, ढुंगण वर करायचं आणि कॉरिडॉरभर पळत सुटायचं. मलाही एक फडकं मिळालं. दहा मीटरमध्ये दम निघाला.

पण लिहायचं होतं ते त्या पोराबद्दल.

तो एप्रिलपासून शाळेत होता आणि पाच महिन्यांत वर्गात एक शब्द बोलला नव्हता. हो म्हणायला मान हलवायचा, नाही म्हणायला खाली बघायचा. घरून डबा यायचा, कारण सूपमध्येसुद्धा माशाचं पाणी असतं. सगळ्यांच्या ताटात एकच जेवण आणि याच्याकडे पोळी-भाजी. तो डब्याचं झाकण उभं धरून त्याच्या आड जेवायचा. मला 'काका' म्हणायचा. अठ्ठावीस वय माझं, पण असो.

मी जोरात कामाला लागलो. बाई बोलल्या की मी त्याच्या कानात मराठीत, तो पुटपुटला की मी बाईंना जपानीत. महिनाभरात तो खुलला, हसायला लागला. माझ्याशी! आपण काय भारी काम करतोय, म्हणून मी दर बुधवारी ऑफिसला तरंगत जायचो.

त्याच सुमारास वर्गात 'कुकु' सुरू झालं. कुकु म्हणजे जपानी पाढे. पूर्वी म्हणे ते नऊ नव्वेपासून सुरू व्हायचे, म्हणून नाव 'नऊ-नऊ'. चालीवर म्हणायचे, अगदी आपल्यासारखे. 'नि निन गा शी' म्हणजे बे दुणे चार. फक्त नऊपर्यंतच. भारतीयांना मात्र एकोणीस एकोणिसेपर्यंत पाठ असतं, असा तिकडे पक्का समज आहे. पोरांनी मला घेरून विचारलं. आपला पाढा दहावर संपतो हे सांगायची हिंमत झाली नाही. नाक पुसल्यासारखं करत तीनशे ऐंशीतून एकोणीस वजा केले आणि 361 सांगितलं. टाळ्या!

आमच्या पोराला पाढे येत होतेच. आजीने परवचा म्हणून घेतलेला, वीसपर्यंत. पण इथे प्रत्येकाने बाईंसमोर उभं राहून पाढा म्हणायचा, मग कार्डावर शिक्का. त्याचं कार्ड कोरं. मी बाईंना म्हटलं, तो मराठीत म्हणेल, मी सांगतो बरोबर आहे का. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि तितक्याच शांतपणे म्हणाल्या, पुढच्या बुधवारपासून तुम्ही मागे भिंतीपाशी बसाल का? तुम्ही शेजारी असलात की त्याला आमच्याशी बोलायची गरजच पडत नाही.

राग आला, खोटं कशाला बोलू. फुकट येतोय, वर हे? ट्रेनमध्ये त्यांना मनातल्या मनात बरंच सुनावलं, मराठीत. कासाईपासून ओतेमाचीपर्यंत. उतरेपर्यंत लक्षात आलं, की मी नसतो त्या चार दिवशी तो काय करतो, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

भिंतीपाशी बसलो. तीन बुधवार तो काहीच बोलला नाही. मागे वळून बघायचा आणि मी वहीत काहीतरी लिहितोय असं दाखवायचो. त्याच्या आईनेही एकदा लिफ्टमध्ये विचारलं, "काही बिनसलं का हो?"

चौथ्या बुधवारी तो कार्ड घेऊन रांगेत उभा राहिला. बाईंसमोर बराच वेळ गप्प. मागे सहा पोरं खोळंबलेली, पण कुणी ढकललं नाही, कुणी हसलं नाही. मग अगदी बारीक आवाजात, 'कु इची गा कु'. नऊ सत्ते आले आणि गाडी अडकली. वळून थेट माझ्याकडे बघितलं. मला ओठ हलवणं पुरेसं होतं. मी स्लिपरकडे बघत बसलो.

"नऊ सत्ते त्रेसष्ट," तो स्वतःशीच म्हणाला. मग बाईंकडे बघून, "रोकुजूसान."

शिक्का बसला.

साफसफाईच्या वेळी तो फडकं घेऊन माझ्यासमोर येऊन उभा राहिला. चांगलाच चिडला होता.

"काका, तुम्हाला येत होतं ना? मग का नाही सांगितलं?"

मी काही बोलायच्या आत मागून कुणीतरी त्याच्या नावाने हाक मारली, आणि तो फडकं टेकवून कॉरिडॉरमधून पळत सुटला.