आर्यनगरच्या कॅप्टन डॉक्टर

मुंबईहून लखनौला निघालेली पुष्पक एक्स्प्रेस मराठी माणसाला एका रात्रीत बराच इतिहास दाखवून आणते, पण बहुतेक प्रवासी तेव्हा झोपलेले असतात. झाशी मागे पडते. मग काळपीजवळ गाडी यमुना ओलांडते. १८५८ च्या मे महिन्यात राणी लक्ष्मीबाई आणि रावसाहेब पेशवे यांनी इंग्रजांना जिथे तोंड दिले, तीच ही काळपी. त्यानंतर येते कानपूर.

कानपुरात उतरणारा मराठी प्रवासी पहिली चौकशी करतो ती बिठूरची. शहरापासून वीस-पंचवीस किलोमीटरवरचे, गंगेकाठचे हे गाव. आपल्या जुन्या पोथ्यांतले ब्रह्मावर्त. पेशवाई बुडाल्यावर १८१८ नंतर दुसरा बाजीराव वर्षाला आठ लाखांचा तनखा घेऊन इथे येऊन राहिला. तांब्यांची मनू याच गावात वाढली. नानासाहेबांचा वाडा इंग्रजांनी १८५७ मध्ये जमीनदोस्त केला, त्यामुळे पाहायला घाट आहेत आणि स्मारक आहे. प्रवासी घाटावर हात जोडतो, गंगेचे पाणी बाटलीत भरून घेतो आणि संध्याकाळच्या गाडीची वेळ गाठतो.

पण झाशीच्या राणीच्या नावाशी जडलेले आणखी एक ठिकाण कानपूर शहरातच आहे, ते म्हणजे आर्यनगर. तिथे घाट नाही, बुरूजही नाही. तिथे एका डॉक्टरीणबाईंचा दवाखाना होता. त्या डॉक्टर म्हणजे कॅप्टन लक्ष्मी सहगल.

त्यांचा जन्म २४ ऑक्टोबर १९१४ चा, मद्रासचा. वडील स्वामिनाथन नामांकित वकील. आई अम्मू स्वामिनाथन पुढे घटना समितीच्या सदस्य झाल्या. मलबारातल्या आजोळी सोवळे-ओवळे कडक होते. लहानग्या लक्ष्मीने एकदा एका आदिवासी मुलीचा हात धरून तिला खेळायला नेले, आणि आजी भयंकर संतापली. नातीने मात्र हार मानली नाही. पुढे १९३८ मध्ये मद्रास मेडिकल कॉलेजातून त्या डॉक्टर झाल्या, प्रसूतिशास्त्राची पदविका घेतली आणि १९४० मध्ये सिंगापूरला गेल्या. तिथे त्यांनी दवाखाना काढला तो पोटासाठी भारतातून आलेल्या गरीब मजुरांसाठी.

१९४३ च्या जुलैत नेताजी सिंगापूरला आले. स्त्रियांची पलटण उभारायची आणि तिला झाशीच्या राणीचे नाव द्यायचे, असे त्यांनी ठरवले. मराठी वाचकाने इथे क्षणभर थांबावे. पलटण उभारायची सिंगापुरात, नेता बंगाली, कॅप्टन मद्रासची आणि बंदूक धरणाऱ्या कितीतरी पोरी मलायातल्या रबराच्या मळ्यांत राबणाऱ्या तमिळ मजुरांच्या. त्यांच्यापैकी अनेकींनी भारत डोळ्यांनी पाहिलेलाही नव्हता. बिठूरच्या घाटावरची मनू इतक्या दूर पोहोचली होती! डॉक्टरीणबाईंनी सुरू असलेला दवाखाना सोडला आणि गणवेश चढवला. आझाद हिंद सरकारच्या मंत्रिमंडळात त्या एकट्याच स्त्री होत्या.

पुढची हकीकत पराभवाची आहे. पलटण ब्रह्मदेशात गेली आणि १९४५ मध्ये माघार घ्यावी लागली. त्या वर्षीच्या मेमध्ये लक्ष्मी इंग्रजांच्या हाती सापडल्या. मार्च १९४६ पर्यंत त्यांना ब्रह्मदेशातच ठेवले होते. मायदेशी परतल्यावर, मार्च १९४७ मध्ये, लाहोरला त्यांचा विवाह कर्नल प्रेमकुमार सहगल यांच्याशी झाला. लाल किल्ल्यातल्या खटल्यातले तिघे आरोपी प्रसिद्धच आहेत. त्यांतलेच हे सहगल. कापड गिरणीतल्या नोकरीमुळे त्यांचा संसार कानपुरात थाटला गेला.

कानपूर म्हणजे तेव्हा गिरण्यांचे गाव. लाल इमली, एल्गिन, म्यूर ही नावे तिथे घराघरात ठाऊक. त्यात फाळणीचे निर्वासित येऊन थडकले. अंगावरच्या कपड्यांनिशी आलेली माणसे, त्यांतल्या गरोदर बाया, तापाने फणफणलेली मुले. लक्ष्मीबाईंनी गणवेशाची घडी घालून ठेवली होती. स्टेथोस्कोप पुन्हा गळ्यात आला तो कायमचाच. हिंदू आले तसे मुसलमानही आले आणि दोघांचाही विश्वास त्यांनी मिळवला. ‘कॅप्टन’ ही पदवी मात्र नावाला चिकटून राहिली.

दवाखाना सोडून त्या बाहेर पडत, त्याही बहुतेक वेळा रुग्णांसाठीच. १९७१ मध्ये बांगलादेशचे निर्वासित लोटले तेव्हा कपडे आणि औषधे घेऊन त्या बनगावच्या सीमेवर गेल्या आणि पाच आठवडे राबल्या. तेव्हा त्यांना सत्तावन्नावे वर्ष चालू होते. १९८४ च्या डिसेंबरात भोपाळला विषारी वायूने माणसे मेली, तेव्हा काही दिवसांतच त्या वैद्यकीय पथकासह तिथे हजर होत्या. त्याच वर्षी, त्याआधी महिनाभर, खुद्द कानपूर पेटले होते. इंदिरा गांधींच्या हत्येनंतर शहरात शंभराहून अधिक शीख मारले गेले. सत्तरी गाठलेल्या या बाई रस्त्यावर उतरल्या आणि जमावापुढे उभ्या राहिल्या. दवाखान्याच्या आसपासच्या गजबजलेल्या वस्तीत शिखांच्या केसालाही धक्का लागला नाही.

डाव्या पक्षाचे त्यांचे राजकारण सर्वांनाच पटत होते असे नाही. १९९८ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. २००२ मध्ये डाव्या पक्षांनी त्यांना डॉ. अब्दुल कलाम यांच्याविरुद्ध राष्ट्रपतिपदासाठी उभे केले, तेव्हा निकाल काय लागणार हे लहान मुलालाही कळत होते. त्या मोठ्या फरकाने हरल्या. हरल्या म्हणून दवाखान्याचे दार काही बंद झाले नाही. २००६ मध्ये, वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षीही, त्या रोज सकाळी रुग्ण तपासत होत्या. ज्या वयात माणसे नातवंडांकडून औषधाच्या बाटलीवरचे नाव वाचून घेतात, त्या वयात या बाई इतरांना औषधे लिहून देत होत्या!

२३ जुलै २०१२ रोजी, सत्त्याण्णव वर्षांच्या असताना, त्या गेल्या. गंगा जवळ असलेल्या या शहरात त्यांच्यासाठी चिता मात्र रचली गेली नाही. आपला देह वैद्यकीय शिक्षणाला द्यावा, असे त्यांनी आधीच सांगून ठेवले होते. आर्यनगरपासून फार लांब नसलेल्या स्वरूपनगरात गणेश शंकर विद्यार्थी वैद्यकीय महाविद्यालय आहे. १९३१ च्या कानपूरच्या दंगलीत लोकांना वाचवताना ज्यांनी प्राण गमावले, त्या पत्रकाराचे नाव या महाविद्यालयाला दिलेले आहे. लक्ष्मीबाईंचा देह तिथे, डॉक्टर होऊ पाहणाऱ्या मुलामुलींकडे, सोपवण्यात आला.