रिकामी स्लाइड

बोरिवलीत शिलाई मशीन दुरुस्तीच्या दुकानात तेलाचा तो वास आला आणि बाबांचा हात डोळ्यांपुढे आला. 2 जानेवारी, पोलीस दलाचा वर्धापनदिन, शस्त्रप्रदर्शन. एक तरुण शिपाई आम्हा पोरांना खूश करायला रिकाम्या पिस्तुलाची स्लाइड खटाखट सोडत होता. कोत, म्हणजे शस्त्रागार, सांभाळणाऱ्या बाबांनी पिस्तूल अलगद काढून घेतलं, स्लाइड मागे ओढली आणि हातानं धरूनच पुढे नेली. "आत गोळी नसली की धक्का अडवायला काही नसतं," एवढंच म्हणाले.

मॅगझीनमधून वर चढणारी गोळी स्लाइडचा थोडा वेग खाते. पिस्तूल रिकामं असलं की सगळा दणका लोखंडावर आणि घोडा पेलणाऱ्या नाजूक खाचेवर बसतो.

बाबांच्या हातातल्या त्या पिस्तुलाचा मूळ रचनाकार जॉन ब्राउनिंग 1926 मध्ये बेल्जियममधल्या कारखान्यातच वारला. त्याचं अपुरं पिस्तूल द्यूदोने सैवनं 1935 पर्यंत पुरं केलं. त्याचाच देशी अवतार इशापूरच्या रायफल फॅक्टरीत घडून आमच्या अंधेरीच्या पोलीस वसाहतीतल्या माणसांच्या कमरेला आला.

सिनेमातल्या नायकांवर माझा राग आहे तो स्लाइडच्या या दणक्यामुळेच. दर संवादाला स्लाइड ओढायची! बाबा म्हणायचे, पिस्तूल गोळीबारानं कमी आणि ने-आणीनं जास्त झिजतं. दर ड्युटीला तीच वरची गोळी नळीत चढवली-उतरवली की तिचं टोक काडतुसात आत दबतं, आणि उडवताना दाब धोकादायक वाढतो. मॅगझीन फरशीवर पडलं की त्याचे ओठ वाकतात, गोळी अडकते. पावसाळ्यात ओल्या चामडी होल्स्टरमध्ये ठेवलेलं पिस्तूल गंजतं. म्हणून बाबा परत आलेल्या प्रत्येक पिस्तुलावरून आधी कोरडी चिंदी फिरवत, मग तेलाची.

कोतातल्या वहीत गोळी न् गोळीचा हिशेब असे. माणूस किती झिजला, हे लिहायला कुठलाच रकाना नव्हता. विसर्जनाच्या बंदोबस्तावरून बाबा येत तेव्हा सुजलेल्या पायांतून बूट निघत नसत. आई खाली बसून ते ओढून काढायची. 2016 मध्ये देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या ड्युटीचा प्रयोग सुरू झाला, तोवर बाबा निवृत्त झाले होते. बातमी वाचून मी रडलो होतो. तो प्रयोग प्रत्येक ठाण्यात, ऐन सणासुदीलाही टिकायला हवा. लोखंडाला विसावा लागतो हे ज्यांना कळतं, त्यांनी तो हाडामांसाच्या माणसाला आधी द्यावा.