सावल्या मध्यम, पाणी कमी

घरातला संगणक म्हातारा झाला हे डोळ्यांच्या आधी कानांना कळतं. बटण दाबलं की पंखा घरघरतो, हार्ड डिस्क आतल्या आत कुरकुरायला लागते आणि पडद्यावर काही दिसायच्या आत स्वयंपाकघरात चहाला उकळी फुटते. आमचं मशीन २०१४ साली असेंबल करून घेतलेलं. इंटेलचा चौथ्या पिढीचा आय-५ ४४६० प्रोसेसर, आठ जीबी रॅम, एक टीबीची हार्ड डिस्क आणि एनव्हीडियाचं जीटीएक्स ७५० टीआय हे ग्राफिक्स कार्ड. त्याच वर्षी बाजारात आलेलं ते कार्ड जेमतेम साठ वॅटवर चालायचं. वेगळी पॉवर केबल नको, भारीतला एसएमपीएस नको. सांगलीच्या विश्रामबागेतल्या आमच्या गल्लीतली पोरं ते बघायला यायची आणि दारात चपलांचा ढीग पडायचा. मुलगा तेव्हा माझ्या मांडीवर बसून की-बोर्डवर हात मारायचा. आता तो अकरावीत आहे आणि त्या ढिगातली सगळ्यात मोठी चप्पल त्याची असते.

पुढे तारखाच अशा आल्या की मशीनचं म्हातारपण कागदोपत्रीही पक्कं झालं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज ११ च्या यादीत इंटेलचे प्रोसेसर आठव्या पिढीपासून पुढचे. आमचा बिचारा चौथीतच. ७५० टीआयच्या पिढीसाठी नव्या खेळांचे ड्रायव्हर निघणंही त्याच महिन्यात थांबलं. विंडोजचे सुरक्षेचे अपडेट वर्षभर वाढवून मिळत होते, म्हणजे लगोलग काही बंद पडणार नव्हतं. पण मुलाला हवा होता ‘रेड डेड रिडेम्प्शन २’. २०१९ मध्ये पीसीवर आलेला हा खेळ नुसत्या बसायला दीडशे जीबी जागा मागतो.

बायकोनं पंधरा हजारांवर रेघ मारली. एवढ्यात नवं मशीन हा विषयच नव्हता. नव्या प्रोसेसरला नवा बोर्ड, नव्या बोर्डाला नव्या जातीची रॅम, आणि रॅमचे भाव तर २०२५ च्या अखेरीस असे चढले की दुकानदारही कोटेशन तोंडीच द्यायला लागले. एआयच्या डेटा सेंटरांना मेमरीचा माल हवा, म्हणून विश्रामबागेतल्या अकरावीच्या पोराला रॅम महाग! जग असं जोडलेलं आहे, आणि त्या जोडणीचं बिल कुणाकडे येतं तेही कळलं.

पैसा मुबलक असला की माणूस डबा विकत घेतो. बेताचा असला की डबा उघडून बघतो. पंधरा हजारांच्या त्या रेघेनं आम्हाला स्क्रूड्रायव्हर हातात घ्यायला लावला.

कॅबिनेटचं झाकण काढलं तर आत धुळीची गादीच. अंगणात नेऊन ब्लोअर मारला तसा तुळशीपर्यंत धुरळा उडाला. मग प्रोसेसरवरचा पंखा उचलला. खालची पेस्ट वाळून पापडी झालेली. मुलानं विचारलं, “धातूवर धातू नीट बसलाय ना? मग मध्ये पेस्ट कशाला?” प्रश्न रास्त होता. दोन्ही पृष्ठभाग डोळ्यांना आरशासारखे गुळगुळीत दिसतात, पण त्यांत बारीक बारीक खळगे असतात, खळग्यांत हवा असते आणि हवेतून उष्णता सहजी पुढे सरकत नाही. पेस्ट ती हवा हुसकावते. बस, एवढंच तिचं काम.

आमच्या शेजारच्या मिरजेत हे न शिकवता समजणारी माणसं आहेत. एकोणिसाव्या शतकात तिथल्या शिकलगारांनी, म्हणजे शस्त्रांना धार लावणाऱ्या घराण्यानं, तंबोरे आणि सतारी करायला घेतल्या. २०२४ मध्ये मिरजेच्या या वाद्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. तंबोऱ्याची जवारी लावताना कारागीर घोडीचा माथा केसभर घासतो, तार छेडून ऐकतो, पुन्हा घासतो. तार कुठे टेकते आणि कुठून सुटते, यावर अख्खा नाद अवलंबून. प्रोसेसर आणि पंखा यांच्यातही जवारीच लावायची असते. इथं ती बिघडली तर बेसूर होत नाही, गरम होतं. वाटाण्याएवढी पेस्ट मधोमध ठेवली, पंखा सरळ दाबून बसवला, स्क्रू कोपऱ्याला समोरचा कोपरा असे आवळले. मशीन चालू केलं. घरघर अर्ध्याहून कमी. खर्च दोनशे रुपयांच्या आत.

मग आमच्या नेहमीच्या दुरुस्तीवाल्या दादांना गाठलं. सांगली-मिरज रस्त्यालगत त्यांचा छोटा गाळा आहे. भिंतीवर गणपती, टेबलावर उघडी पडलेली मशीनं आणि कोपऱ्यात मेलेल्या यूपीएसच्या बॅटऱ्यांची चळत. मुलगा थेट ग्राफिक्स कार्डावर आला. दादा म्हणाले, “थांब की जरा. अडतंय कुठं ते आधी बघू.” त्यांनी टास्क मॅनेजर उघडला आणि बोट ठेवलं. प्रोसेसर निवांत होता, रॅम भरत आलेली आणि डिस्कचा आकडा शंभर टक्क्यांवर ठाण मांडून बसलेला. “बघा सर. सगळे हिच्यासाठी ताटकळलेत.”

हार्ड डिस्कच्या पोटात खरोखरीची तबकडी फिरत असते आणि एक बारीक दांडी तिच्यावरून मागे-पुढे पळून हवी ती माहिती शोधते. फाइली विखुरलेल्या असल्या की तिचा जीव पळण्यातच जातो. एसएसडीत फिरणारं, पळणारं काहीच नाही. जुन्या बोर्डाच्या साटा जोडणीवरही ती सेकंदाला पाचशे एमबीच्या आसपास वाचते. हार्ड डिस्क शंभर-दीडशेवर धापा टाकते. तेव्हा पहिला खर्च एसएसडीचा ठरला, पाचशे जीबीचा.

दुसरा रॅमचा. आमच्या एच ८१ बोर्डावर रॅमच्या दोनच खाचा आणि सोळा जीबीची मर्यादा. एक खाच इतकी वर्षं रिकामीच होती. दोन पट्ट्या बसल्या की त्या जोडीनं काम करतात, नुसती जागाच नाही तर वाटही रुंद होते. डीडीआर ३ आता कुणाला नको असते, म्हणून जुनी पट्टी किरकोळीत मिळाली. डेटा सेंटरांची नजर अजून तिच्यावर गेलेली नाही.

तिसरा खर्च मुलाला पटेना. दादा एसएमपीएस बदला म्हणत होते. “त्यानं फ्रेम्स वाढतात का?” “नाय वाढत. पण ह्यो गेला तर एकटा जात नाही, बोर्डाला घेऊन जातो.” दादांनी जुन्या एसएमपीएसच्या जाळीतून टॉर्च मारून आतला कपॅसिटर दाखवला; त्याचा सपाट माथा फुगून घुमटासारखा झाला होता. मुलगा गप्प झाला. ज्या खर्चाचं काहीच दिसत नाही त्याला पैसे काढून ठेवणं, हे अकरावीत समजलं तर बरंच झालं म्हणायचं.

आता राहिलं कार्ड, आणि राहिले होते साताठ हजार. म्हणजे सेकंड हँड. विश्रामबागेत विलिंग्डन महाविद्यालय १९१९ पासून आणि वालचंद अभियांत्रिकी १९४७ पासून, त्यामुळे इथं पोरांची आवक-जावक बारमाही. शेवटच्या सेमिस्टरला पुण्या-बंगळूरला इंटर्नशिप लागली की पोरं मेसच्या भिंतीवर चिठ्ठी लावतात: गादी, सायकल, कूलर, ग्राफिक्स कार्ड. अशाच एका चिठ्ठीवरून जीटीएक्स १६५० सापडलं. २०१९ चं, चार जीबीचं, पंचाहत्तर वॅटचं. तेवढी वीज ते बोर्डाच्या खाचेतूनच घेतं.

सांगलीत सेकंड हँड घेताना दोन प्रश्न विचारायचेच असतात. पहिला, “मायनिंगचं नाही ना?” मध्यंतरी क्रिप्टोची नाणी पाडायला लोकांनी ग्राफिक्स कार्डं रात्रंदिवस जुंपली होती. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमनं आपली पद्धत बदलली, तिला कार्डांची गरज उरली नाही आणि राबून निघालेली ढीगभर कार्डं जगभरच्या जुन्या बाजारात आली. दुसरा प्रश्न मात्र खास आमचा. “पुराचं नाही ना?” २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये कृष्णा सांगलीत शिरली. विश्रामबाग त्या मानानं उंचावर. गावभागातले नातेवाईक आमच्याकडे आले ते सातबारा, औषधं, देव्हाऱ्यातले देव आणि कुणी कुणी सीपीयू काखोटीला मारून. ज्यांचं खालीच राहिलं त्यांचं पाण्यात गेलं. नंतर ते वाळवलं, पुसलं, काही चाललं, काही विकलं गेलं. त्याची खूण स्क्रूच्या खाचेत सापडते. वरून कितीही चकाचक केलं तरी तिथं हिरवट-पांढरं फुटलेलं असतं आणि नाकाजवळ नेलं तर ओल्या मातीचा वास येतो. आम्ही स्क्रू बघितले, वास घेतला, विकणाऱ्या पोराच्याच खोलीवर अर्धा तास गेम चालवून घेतला आणि मगच पैसे दिले.

त्या रात्री आमच्या पडद्यावर घोडा धावला. पण खरा बजेटचा खेळ त्या आधी, सेटिंग्जच्या पानावर झाला. तिथं सगळ्याला किंमत असते, फक्त ती रुपयांत नसते. पोत ठळक ठेवायचे तर कार्डाची मेमरी जाते. सावल्यांच्या कडा मऊ हव्यात तर दर फ्रेमला हिशेब वाढतो. पाण्यात आभाळाचं प्रतिबिंब हवं असेल तर त्याच्याइतकं महाग काही नाही. मुलगा एक एक पट्टी सरकवत होता आणि मी मागे उभा. घोड्याच्या अंगावरचा घाम ठेवला, डोंगरामागचं धुकं ठेवलं. सावल्या मध्यम, पाणी कमी. “पाणी कमीच बरं,” आतून आईचा आवाज आला. तिला खेळातलं काही कळत नाही. तिनं दोन पूर बघितलेत.

फ्रेम्स चाळीस-पन्नासच्या घरात आल्या. मुलाच्या मित्राकडे म्हणे शंभराच्या पुढे जातात. पण आमचा मॉनिटर सेकंदाला साठच चित्रं दाखवणारा. शंभर आल्या असत्या तरी चाळीस पडद्यापर्यंत पोचल्याच नसत्या. आपण किती बघू शकतो हे कळलं की आपल्याला किती हवंय हेही बऱ्यापैकी ठरतं. मुलानं हा हिशेब स्वतः मांडला आणि मित्राला फोनवर ऐकवलाही. मित्राला तो पटला नाही, हे ओघानं आलंच.

जुनं ७५० टीआय विकायला काढलं. पंधराशे सांगितले. कुपवाडहून एक पोरगा सायकलवर आला. त्याच्याकडे कार्डच नव्हतं, प्रोसेसरच्या आतल्या ग्राफिक्सवर भागवत होता. त्यानं कार्ड उजेडाकडे धरलं, मोबाइलची बॅटरी लावून स्क्रूच्या खाचा बघितल्या, सोनेरी पट्टीवरून हलकेच नख फिरवलं, नाकाजवळ नेलं.

“काका, पुराचं न्हाई न्हवं?”

“नाही रे, इथलंच आहे.”

“आणि साठ वॅटचंच हाय न्हवं? आमचा एसएमपीएस साधा हाय.”

भाव पाडायला त्यानं अजून तोंडही उघडलं नव्हतं. मी आपणहूनच दोनशे कमी केले.